ज्यांच्या नावावरून सुमो आली, त्या मुळगावकरांच्या टेल्कोनं पिंपरी-चिंचवडचं मार्केट आणि घरांचे भाव कसे बदलले?

गुरुवारी संध्याकाळी पिंपरी कॅम्पात गेलात तर बाहेरगावच्या माणसाला वाटतं, आज कुठला तरी सण असणार. कपड्यांची दुकानं भरलेली, भांड्यांच्या दुकानासमोर गाड्या उभ्या, पाणीपुरीवाल्याला मान वर करायला फुरसत नाही.

सण वगैरे काही नसतो. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या कारखान्यांचा विजेचा भार एकदम पडू नये म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार मिळाले, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. म्हणून इथल्या कामगाराचा रविवार गुरुवारी येतो आणि बाजार त्याच्याबरोबर चालतो.

तिथून काही किलोमीटरवर वाकड. तिथल्या मोठ्या मॉलमध्ये खरी गर्दी शनिवार-रविवारी, कारण तिथल्या गिऱ्हाइकाची सुट्टी आयटी कंपनीच्या कॅलेंडरवर चालते.

म्हणजे शहर एकच, पण बाजार दोन आणि सुट्ट्याही दोन. कोण राहायला आलं, त्याचा पगार किती आणि तो कधी होतो, यावर दुकानं ठरतात आणि घरांचे भावसुद्धा. पिंपरी-चिंचवडमध्ये हे कसं घडलं ते समजून घ्यायचं असेल, तर एका इंजिनिअरची गोष्ट माहिती पाहिजे. त्यांचं नाव सुमंत मुळगावकर.

सुमोच्या आधीचे मुळगावकर

टाटा सुमो या नावाचा जपानी पैलवानांशी काही संबंध नाही, हे आता बहुतेकांना माहिती आहे. सुमंत मधला सु आणि मुळगावकर मधला मो, असं ते नाव. गाडी आली १९९४ साली, मुळगावकर त्याच्या पाच वर्षं आधीच गेले होते.

त्यांचा एक किस्सा सोशल मीडियावर कायम फिरतो. टेल्कोतले मोठे अधिकारी दुपारी एकत्र जेवायचे, मुळगावकर मात्र गाडी घेऊन कुठंतरी निघून जायचे. लोकांना वाटायचं डीलर त्यांना पंचतारांकित हॉटेलात नेत असतील. एकदा पाठलाग केला तर साहेब हायवेच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत बसलेले. गाडीत काय चांगलं, काय वाईट, ते ड्रायव्हरकडूनच ऐकून घ्यायचे आणि परत येऊन डिझाइनमध्ये बदल करायचे, असं सांगतात.

किस्सा भारी आहे, पण पिंपरी-चिंचवडसाठी त्यांनी केलेली मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती फारशी फॉरवर्ड होत नाही.

मुळगावकरांचा जन्म १९०६ चा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. भारतात आल्यावर एसीसी या सिमेंट कंपनीत कारखाने उभे करायचा अनुभव घेतला. १९४९ मध्ये जेआरडी टाटांच्या टेल्कोत ते आले. टेल्को तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनवत होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार झाला आणि ट्रक बनायला लागले. हा करार १५ वर्षांचा होता, म्हणजे १९६९ ला संपणार. त्यानंतर ट्रक स्वतःच्या डोक्यानं आणि स्वतःच्या हातानं बनवावे लागणार होते.

त्या तयारीसाठी त्यांनी पुण्याजवळची जागा निवडली. साल होतं १९६६.

अकरा वर्षं ट्रकच नाही

तेव्हाची पिंपरी-चिंचवड म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेची गावं. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प होता. छावणीत आलेल्या या लोकांनी शून्यातून दुकानं उभी केली, आजचं कॅम्पातलं मार्केट ते हेच. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी पेनिसिलिनचा कारखाना आला होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि इथं प्लॉट पडायला लागले.

टेल्को आली, पण पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत काय चाललं होतं? मुळगावकरांनी आधी मशीन बनवणारी मशीन, डाय आणि टूल्स बनवायचे विभाग उभे केले. संशोधन केंद्र काढलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरांना शिकवायचा विभाग काढला. ओसाड माळावर झाडं लावली, आवारात तळं केलं.

म्हणजे ट्रकच्या आधी इथं माणसं तयार झाली. टर्नर, फिटर, टूल अँड डाय मेकर. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा, खान्देश, कोकण, जिथून एसटी येते तिथून पोरं येत होती. एकटी टेल्को नव्हे, बजाज, फिरोदियांची बजाज टेम्पो, एसकेएफ असे बाकीचे कारखानेही होतेच. त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप भोसरीत उभी राहिली. काही शिकलेल्या कारागिरांनी पुढं स्वतःचं लेथ मशीन टाकलं आणि तेही मालक झाले.

पगाराच्या तारखेवर चालणारा बाजार

आता या पोरांकडं गिऱ्हाईक म्हणून बघा.

पहिली काही वर्षं हे गडी एकटे. त्यांना लागते कॉट बेसिसवर खोली, खाणावळ, सायकल आणि कटिंगचं दुकान. मग नोकरी पर्मनंट होते, गावाकडं लग्न ठरतं, बायको येते. आता लागतो किराणा, गॅस, भांडी, शिलाई मशीन. पुढं पोरं होतात, मग वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, डॉक्टर. त्यानंतर फ्रिज, टीव्ही आणि बायकोसाठी दोन तोळे.

एकाच वयाची हजारो कुटुंबं एकाच वेळी या पायऱ्या चढत होती, आणि त्यांच्या मागं मागं दुकानं बदलत होती. वेतन कायद्याप्रमाणं पगार महिन्याच्या ७ किंवा १० तारखेच्या आत व्हायचा, त्यामुळं किराणावाल्याची उधारीची वही पण त्याच तारखेला मिटायची. दिवाळीला कायद्यानं बोनस, म्हणून सोनं, कपडे आणि टीव्हीचा सीझन दिवाळीला. पर्मनंट माणसाला दुकानदार डोळे झाकून उधार द्यायचा, कारण पुढच्या महिन्यात पगार होणार हे दोघांनाही माहिती असायचं.

घरातल्या बाईच्या हातात पैसा यावा म्हणूनही काम झालं. मुळगावकरांच्या पत्नी लीला मुळगावकर रक्तदान चळवळीतलं मोठं नाव, त्यांना पद्मश्री मिळाली होती. टेल्कोच्या इथल्या कर्मचाऱ्यांच्या घरातल्या महिलांसाठी गृहिणी नावाची संस्था उभी राहिली. कंपनीला लागणाऱ्या वस्तू आणि खाण्याचे पदार्थ या बायका बनवायला लागल्या. घरात दुसरी मिळकत आली की खरेदीची यादी बदलते, तसंच झालं.

एका पगारात घर कसं काय व्हायचं?

लोक वाढले तशी गावं कमी पडायला लागली. ४ मार्च १९७० ला अण्णासाहेब मगरांच्या पुढाकारानं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं. शेतकऱ्यांची जमीन घ्यायची, सेक्टर पाडायचे आणि कामगार, मध्यमवर्गाला परवडेल असा प्लॉट किंवा घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचं, अशी ही योजना. शिवाय हाउसिंग बोर्डाच्या वसाहती होत्या. संत तुकारामनगर, मोरवाडी ही नावं त्यातलीच.

त्यामुळं पीएफमधून थोडे, पतपेढीचं कर्ज थोडं, बायकोचे दागिने थोडे असं करून एका पगारावर माणूस घराचा मालक होऊ शकत होता. हळूहळू त्याच घरावर मजला चढला. पुढं गाळा, मागं घर, वर भाडेकरू हा इथला ठरलेला नकाशा झाला. गाळ्यात पिठाची गिरणी नाहीतर किराणा, आणि नवीन आलेल्या ट्रेनी पोरांचं भाडं.

पण याची किंमत कोणीतरी दिली होती. ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा विषय पुढं कित्येक वर्षं लटकत राहिला. सगळ्यांना सेक्टरमध्ये जागा पण मिळाली नाही. ज्यांना नाही मिळाली त्यांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन परवानगीशिवाय घरं बांधली, आणि शास्तीकराचं ओझं वर्षानुवर्षं वागवलं. तो माफ व्हायला २०२३ उजाडलं.

कारखान्याच्या आतही सगळं गोड नव्हतं. १९८८ मध्ये मुळगावकरांनंतर टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडं आलं. १९८९ मध्ये मुळगावकर गेले. त्याच वर्षी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी ते उठवलं. ज्या पर्मनंट पगारावर हे शहर उभं होतं, तो कामगारांना फुकट मिळालेला नव्हता.

मग गिऱ्हाईक बदललं

१९७१ मध्ये या भागाची लोकसंख्या लाखाच्या आत होती. १९९१ ला ती ५ लाखांवर गेली, २००१ ला १० लाखांवर आणि २०११ ला १७ लाखांवर. पण नुसता आकडा बघून कळत नाही, कारण मधल्या काळात माणसंच वेगळी यायला लागली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीत आयटी पार्क सुरू झाला. वाकड, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख, रावेत या शेतीच्या गावांत सोसायट्या उभ्या राहिल्या. इथं येणारं जोडपं बहुतेक वेळा दोघंही कमावणारं. त्यांचं वय कमी, आणि बँक त्यांना मोठं कर्ज द्यायला तयार.

आता भाव कसा ठरतो ते बघा. समजा एका फ्लॅटची किंमत ६० लाख आहे. २० टक्के म्हणजे १२ लाख स्वतःचे घातले आणि ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता होतो साधारण ४१ ते ४२ हजार. दोन आयटी पगारांना तो झेपतो. एका वर्कशॉपच्या पगाराला नाही झेपत. पण बिल्डरला फ्लॅट विकायला शहरातले सगळे लोक लागत नाहीत. हप्ता भरू शकणारे तेवढे मिळाले की झालं. त्यामुळं परिसराचा भाव तिथल्या सरासरी माणसाच्या पगारावर ठरत नाही, सगळ्यात जास्त कर्ज मिळू शकणाऱ्यावर ठरतो. त्यात जमीनही मोजकीच. एकीकडं लष्कराच्या जागा, देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळं रेड झोन, दुसरीकडं नद्यांच्या पूररेषा. मागणी वाढली की भाव वरच जाणार.

दुकानांचंही तेच झालं. आठवड्याचे पाच दिवस कामात अडकलेल्या जोडप्याला एका छताखाली किराणा, कपडे, सिनेमा, जेवण आणि पार्किंग पाहिजे. चिंचवडला एल्प्रो कंपनीचा कारखाना होता, त्या जागेवर मॉल झाला. २०२३ मध्ये वाकडला फिनिक्सचा मॉल आला. जिथं आधी माल बनायचा, तिथं आता माल विकला जातो. आकुर्डीत बजाजनं २००७ मध्ये उत्पादन थांबवलं. टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात १९९५ मध्ये सुरू झालेली मर्सिडीज २००९ मध्ये चाकणला गेली. कारखान्यांचा ओढा चाकणकडं वळला.

चाकणचा पोरगा आणि प्राधिकरणातलं घर

चाकणला आज पण एसटीनं पोरं येतात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, विशी-बाविशीची, गावं पण तीच. फरक एवढाच की त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पर्मनंटचं पत्र नसतं. काही महिन्यांचं कंत्राट, मग दुसरी कंपनी. चिखली, मोशी, म्हाळुंगे, कुरुळीत एका खोलीत चार-पाच जण राहतात. त्यांच्या आसपासची दुकानं बघितली तर मेस, मोबाइल रिपेअरिंग, सेकंडहँड बाइक आणि वडापाव. टेल्कोच्या पोरांची पहिल्या वर्षांची जी दुकानं होती, साधारण तीच. पण त्यांच्या बाजारपेठेची दुसरी पायरी, भांडी आणि शिलाई मशीनची, इथं लवकर येत नाही. पुढच्या वर्षी नोकरी असेल का हे माहिती नसताना कोण संसार मांडणार, आणि त्याला उधारी तरी कोण देणार?

निगडीच्या प्राधिकरणात मात्र आजोबांचं घर आहे. त्यांनी एका पगारावर बांधलेलं. नातवाला त्याच सेक्टरमध्ये आजच्या भावानं घर घ्यायचं म्हटलं तर घेता येत नाही.

मुळगावकरांनी हे शहर एकट्यानं घडवलं नाही आणि घरांचे भाव तर त्यांच्या हातात कधीच नव्हते. पण पहिला ट्रक निघायच्या आधी अकरा वर्षं माणसं तयार करायला दिली, त्या माणसांना टिकणारी नोकरी मिळाली, आणि त्या टिकणाऱ्या पगारावर एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली, हे टेल्को रोडच्या दोन्ही बाजूंना आजही दिसतं.

पुढच्या गुरुवारी कॅम्पात गेलात तर लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या एखाद्या कुटुंबाकडं बघा. बिल देणारा माणूस बहुतेक वेळा पन्नाशी-साठीचा असतो, कारखान्यातून रिटायर झालेला किंवा व्हायला आलेला. त्याच्या पोराच्या पिढीला असा बस्ता आणि असं घर झेपेल का, हा प्रश्न कॅम्पातल्या दुकानदारालाही पडलेला आहे.