समुद्रकाठचे पाळक : मिखाएल सार्स

पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना एक क्षुद्र प्राणी वारंवार आडवा येतो. इब्री भाषेत त्याच्यासाठी ‘रिम्मा’ आणि ‘तोलेआ’ असे दोन शब्द आहेत व ईयोबाच्या पंचविसाव्या अध्यायात ते एकाच वचनात येतात. मराठीत किडा, कृमी, अळी, जंत, गांडूळ असे शब्द मुबलक असूनही नेमका कोणता योजावा हे सहजी ठरत नाही. कारण प्राचीन लोकांनी जे जे मऊ, सरपटणारे व तुच्छ दिसले त्या सर्वांना एकाच मापाने मोजले. शास्त्रज्ञांचेही फार काळ असेच चालले होते. स्वीडनच्या लिनेयस ह्यांनी १७५८ मध्ये प्राणिसृष्टीची मांडणी केली, तेव्हा ‘व्हर्मीस’ म्हणजे कृमी ह्या एकाच वर्गात गांडूळ, जंत, गोगलगाय, शिंपला, तारामासा, एवढेच नव्हे तर पोवळेही घातले. ही मोट सोडवण्यास ज्यांचे हात लागले, त्यांत नॉर्वेचा एक ग्रामीण पाळक होता.

मिखाएल सार्स ह्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८०५ रोजी बर्गेन ह्या बंदराच्या शहरी झाला. निसर्गाभ्यासाची ओढ त्यांना तरुणपणापासूनच होती. परंतु त्या विद्येवर संसार चालण्यासारखा नव्हता. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील विद्यापीठात त्यांनी ईशज्ञानाचे शिक्षण घेतले, काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि १८३१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील किन येथे पाळक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मारेन वेलहावेन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मांगेर येथील मंडळी त्यांच्याकडे आली. दोन्ही ठिकाणे समुद्रालगतची. उपासना, बाप्तिस्मे, विवाह, अंत्यविधी हे सर्व सांभाळून जो वेळ उरे, तो पाण्यातून काढलेल्या जिवांकडे पाहण्यात जाई. पाळकपण ही त्यांच्या मार्गातली धोंड होती असे म्हणण्याचा मोह होतो. मला तसे वाटत नाही. शहरातील प्राध्यापकाच्या हाती येई तो मद्यार्कात बुडवलेला, रंग उडालेला नमुना. ह्या पाळकाला तोच जीव वर्षाच्या बाराही महिन्यांत जिवंत पाहावयास मिळे.

१८३५ मध्ये बर्गेनच्या किनाऱ्यावरील सागरी प्राण्यांविषयी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात चिखलात नळी करून राहणाऱ्या एका लहान कृमीचे वर्णन आहे. त्याच्या तोंडाशी अन्न गोळा करणाऱ्या तंतूंचा झुपका असतो आणि पाठीवर एकाच देठावर फणीसारख्या पापुद्र्यांचा कल्ला. सार्स ह्यांनी त्याचे नाव ‘टेरेबेलिडिस स्ट्रोमाय’ असे ठेवले. हे नाव हान्स स्ट्रोम ह्यांचे. तेही नॉर्वेचेच पाळक, अठराव्या शतकातील, आणि आपल्या प्रदेशाच्या निसर्गाचे वर्णन लिहून ठेवणारे. एका पाळकाने दुसऱ्या पाळकाचे स्मारक उभारले, तेही चिखलातल्या कृमीच्या रूपाने!

परंतु त्यांचे खरे मोठेपण नावे देण्यात नाही. १८२९ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्यांनी दोन प्राणी नवे म्हणून जाहीर केले होते : खडकाला चिकटून राहणारा ‘सायफिस्टोमा’ आणि बशांची उतरंड रचावी तसा दिसणारा ‘स्ट्रोबिला’. पुढे वर्षानुवर्षे निरीक्षण करताना त्यांच्या ध्यानात आले की पहिल्याचाच दुसरा होतो, त्या उतरंडीतील एकेक बशी सुटून पोहू लागते व वाढून जेलीफिश बनते. दोन नवे प्राणी नव्हतेच. एकाच जिवाच्या त्या अवस्था होत्या. १८४१ पर्यंत त्यांनी हा उलगडा पूर्ण केला आणि आपल्याच दोन शोधांवर काट मारली. आपल्या नावावर जमा झालेले असे खोडणे किती जड जाते, हे ज्यांनी छापील मजकूर दुरुस्त केला आहे त्यांना सांगावयास नको. शंख नसलेल्या सागरी गोगलगाईंच्या पिलांना आरंभी शंख असतो, हेही त्यांनी दाखवले. प्राण्याचे नाते ठरवावयाचे तर त्याचे सारे आयुष्य पाहिले पाहिजे, ही दृष्टी अशा कामातून प्राणिशास्त्रात रुजली.

१८५४ मध्ये त्यांना क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले व धर्मसेवा सुटली. त्या काळी ब्रिटनचे एडवर्ड फोर्ब्ज ह्यांचे मत प्रमाण मानले जाई की सुमारे ३०० फॅदम, म्हणजे साडेपाचशे मीटर, खोलीच्या खाली समुद्रात जीवन नसावे. सार्स ह्यांचे पुत्र गेओर्ग ओसियान ह्यांनी १८६४ मध्ये लोफोटेन बेटांजवळ तेवढ्याच खोलीतून देठ असलेली एक सागरलिली वर काढली. अशा प्राण्यांची ओळख तोवर मुख्यत्वे जीवाश्मांतूनच होती. पित्याने १८६८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि खोल पाण्यातील ४०० हून अधिक जातींची यादी दिली. तीत कृमीही पुष्कळ होते. ती सागरलिली पाहण्यास वायव्हिल थॉमसन मुद्दाम नॉर्वेला गेले होते. पुढे १८७२ ते १८७६ ह्या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाच्या जगप्रदक्षिणेत शास्त्रज्ञांचे नेतृत्व त्यांनीच केले. ते जहाज निघाले तेव्हा सार्स हयात नव्हते. २२ ऑक्टोबर १८६९ रोजी त्यांचे निधन झाले होते.

त्यांची कन्या एवा ह्यांचा विवाह १८८९ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन ह्यांच्याशी झाला. ध्रुवप्रदेशाचे प्रवासी आणि १९२२ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी म्हणून नान्सेन सर्वांना ठाऊक आहेत. मात्र तरुणपणी त्यांनी अभ्यास केला तो सागरलिलींच्या कुळातील प्राण्यांवर राहणाऱ्या चिमुकल्या कृमींचा, हे थोड्यांना माहीत असते.

आणि स्ट्रोम ह्यांच्या नावाचा तो कृमी? दीड शतकाहून अधिक काळ जगातील कितीतरी समुद्रांतून तोच सापडल्याच्या नोंदी होत राहिल्या. सार्स ह्यांचे मूळ नमुने उपलब्ध नसल्याने अलीकडे नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा नवा नमुना प्रमाण म्हणून ठरवावा लागला. मग २०१८ मध्ये जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ईशान्य अटलांटिकमध्ये ह्या एका नावाखाली पंचवीसहून अधिक वेगवेगळ्या जाती नांदत होत्या. त्यांपैकी एकीकडेच स्ट्रोम ह्यांचे नाव राहिले असून बाकीच्यांना नवी नावे देण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.