भीमरावांचे इंग्रजी वाचन

परमपूज्य बाबासाहेबांच्या इंग्रजीचा आम्हाला अभिमान आहे. पण ते इंग्रजी आले कुठून, हे आम्ही मुलांना क्वचितच सांगतो.

लष्करी शाळेत शिकविलेल्या सुभेदार रामजींनी भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. त्यामुळे शब्दाला नेमका शब्द शोधायची सवय लागली. परळच्या चाळीत एकच खोली. वडील रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. भीमरावांना ओढ मात्र अवांतर वाचनाची. वडील कुरकुरत, पण मुलींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींनी हेरला आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात असताना पोटाला चिमटा घेऊन भीमरावांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमविली.

आमची मुलं इंग्रजीचं गाईड पाठ करतात, मार्कही मिळवतात. पण न पाहिलेला उतारा समोर आला की अडतात. रोजच्या वाचनाशिवाय अर्थ उलगडत नाही. विहारात वंदनेनंतर मुलांना अर्धा तास पुस्तक घेऊन बसवू या. एवढं आपल्याला नक्की जमेल.

जयभीम!