गॅसबत्तीच्या जाळीतला एक टक्का : कार्ल आउअर आणि सिरियम

आमच्या वाशिम जिल्ह्यात पूर्वी वरात निघाली की दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं चालायची. सप्ताहातलं कीर्तनही त्याच उजेडात. आमच्या घरी बत्ती पेटवायचं काम आजोबांचं. स्पिरिट पेटवायचं, पंप मारायचा, की भप्पकन पांढरा उजेड! रॉकेल तर कंदिलातही जळतं, मग तिथं मिणमिण आणि इथं एवढा लख्ख प्रकाश कसा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हा माणूस सापडला.

कार्लचा जन्म 1858 सालचा, व्हिएन्नाचा. वडील सरकारी छापखान्याचे संचालक. हायडेलबर्गला बुन्सेन यांच्याकडे शिकताना त्याला दुर्मिळ मृदा धातूंचा नाद लागला. हे धातू एकमेकांसारखे इतके वागतात, की त्यांना वेगळं करणं महाकठीण. क्षार विरघळवायचे, स्फटिक करायचे, पुन्हा विरघळवायचे, असं अनेकदा करून 1885 मध्ये त्याने डिडिमियम हे एक मूलद्रव्य नसून दोन आहेत हे दाखवलं : प्रासिओडिमियम आणि निओडिमियम.

त्याच वर्षी त्याने जाळीचं पेटंट घेतलं. सुती कापड क्षारांच्या द्रावणात भिजवायचं. सूत जळून जातं आणि ऑक्साइडचा सांगाडा उरतो. ज्योतीत तो तापून प्रकाशतो. पण मॅग्नेशियम, लँथॅनम आणि यट्रियम वापरलेल्या या जाळीचा उजेड हिरवट, आणि जाळी फार ठिसूळ. लोकांना ती पटली नाही. तिकडे विजेचा दिवा आला होताच. 1889 मध्ये कारखाना बंद पडला.

कार्लने हात टेकले नाहीत. त्याने थोरियम घेतलं, पण गंमत अशी झाली, की थोरियम जितकं शुद्ध करावं तितका उजेड कमी! म्हणजे खरी करामत त्यात मिसळलेल्या सिरियमची होती. 1891 मध्ये प्रमाण ठरलं : 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सिरियम ऑक्साइड. थोरियम ऑक्साइड प्रचंड तापतं, पण वितळत नाही आणि उष्णता फारशी बाहेर फेकत नाही. सिरियम त्या तापलेल्या जाळीतून डोळ्यांना दिसणारा प्रकाश देतं. मात्र सिरियम वाढवलं की जाळी जास्त उष्णता बाहेर टाकते, थंड पडते आणि उजेड घटतो. भाजीतल्या मिठासारखंच हे.

थोरियम मिळायचं मोनाझाइट वाळूतून. पुढे 1909 नंतर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळूही त्यासाठी परदेशात जाऊ लागली. थोरियम काढून घेतलं की सिरियमसारख्या धातूंचा ढीग उरायचा. या टाकाऊ मालाचं करायचं काय? कार्लने त्यात सुमारे 30 टक्के लोखंड मिसळलं आणि 1903 मध्ये ठिणगीच्या खड्याचं पेटंट घेतलं. घासल्यावर सिरियमचे बारीक कण हवेतच पेटतात. सिगारेट लायटरमधला खडा तो हाच.

विशेष म्हणजे, गॅसच्या दिव्याला नवं आयुष्य देणाऱ्या याच माणसाने विजेच्या दिव्यासाठी ऑस्मियमची तारही बनवली. 1929 मध्ये तो वारला. त्याने वेगळं केलेल्या निओडिमियमपासून जोरदार चुंबक 1980 च्या दशकात बनले. आज ते आपल्या इअरफोनमध्ये आणि अनेक ई-स्कूटरच्या मोटरमध्ये आहेत.

शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या माळ्यावर जुनी बत्ती असेल, तर तिच्या जाळीची राख फुंकू नका. थोरियम किरणोत्सारी आहे. नुसतं जवळ असल्याने मोठा धोका नाही, पण राख श्वासातून आत जायला नको. ओल्या कापडाने पुसा आणि हात स्वच्छ धुवा. बत्ती मात्र भंगारात देऊ नका बरं!