दादासाहेब फाळके व त्यांचा कॅमेरा

छायाचित्रणाचा छंद लावून घ्यावयाचा, तर कॅमेरा कोणता घ्यावा, असें विद्यार्थी आम्हांस वरचेवर विचारतात. आणि तो कितीला पडेल, असें त्यांचे पालक विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरादाखल आम्ही येथें एका अशा पुरुषाचें चरित्र थोडक्यांत सांगतों, कीं ज्यानें कॅमेऱ्यापायीं आपल्या विम्याचे कागदहि गहाण टाकिले.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. १८८५ सालीं ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. १८९० च्या सुमारास त्यांनीं पहिला कॅमेरा विकत घेतला. १८९२ सालीं अहमदाबादच्या प्रदर्शनांत त्यांच्या नाट्यगृहाच्या नमुन्यास सुवर्णपदक मिळालें, तेव्हां एका चाहत्यानें त्यांस एक भारी किंमतीचा कॅमेराहि भेट दिला.

परंतु कॅमेरा हातीं आला म्हणजे विद्या आली, असें फाळक्यांनीं मानिलें नाहीं. चित्र घेणें हें अर्धेंच काम. अंधाऱ्या खोलींत तें रसायनांत धुणें, कागदावर उतरविणें व ठसे करून छापणें, हें उरलेलें अर्धें. कलाभवनाचे प्रमुख प्रो. गज्जर यांनीं त्यांस ठसे करण्याची कला शिकावयास रतलामास पाठविलें, व पुढें संस्थेची प्रयोगशाळाहि वापरूं दिली. आमच्या सोनगीरचा तांबट हातोडी उचलण्याआधीं पत्र्याचा गुण ओळखतो, त्यांतलाच हा प्रकार.

धंदा मात्र साधला नाहीं. १८९५ सालीं ते गोध्र्यास फोटोग्राफर म्हणून गेले; तेथें प्लेगनें पत्नी व मूल दोन्हीं हिरावून नेलीं. बडोद्यास परत येऊन पुन्हां दुकान थाटावें, तों कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो, अशी लोकांची समजूत आडवी आली. पुढें पुराणवस्तु खात्यांतील नोकरी झाली, छापखाना झाला, आणि भागीदारांशीं न पटल्यामुळें तोहि सुटला.

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा मूक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चाललें असतां, त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण उभे राहूं लागले. मग रोज चार-पांच तास चित्रपट पाहणें, पुस्तकें वाचणें व खेळण्यांतल्या कॅमेऱ्यावर रात्रीं जागून प्रयोग करणें, असा क्रम सुरू झाला. त्यांत डोळे अधू होऊन कांहीं काळ दिसेनासें झालें. डॉक्टरांच्या उपचारानें दृष्टि परत आली.

विमा गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनास निघाले. तेथें ओळखीचें कोणी नव्हतें. 'बायोस्कोप' साप्ताहिक ते वाचीत असत, म्हणून सरळ त्याच्या कचेरींत जाऊन संपादक कॅबोर्न यांस भेटले. त्यांच्या ओळखीनें सेसिल हेपवर्थ यांचा चित्रपट-कारखाना पाहावयास मिळाला. नीट चौकशी करून त्यांनीं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांस घेतला, व फिल्मच्या कडेस भोकें पाडण्याचें यंत्रहि घेतलें. कोरी फिल्म भोकांवांचून येई, आणि भोकांवांचून ती कॅमेऱ्यांत सरकत नसे. हें यंत्र घेण्यांतच त्यांची खरी समज दिसते, असें आम्हांस वाटतें.

घरीं आल्यावर त्या कॅमेऱ्यानें प्रथम काय टिपलें? कुंडींत पेरलेला वाटाणा! महिनाभराहून अधिक काळ त्याचीं थोडथोडीं चित्रें घेतलीं, आणि अवघ्या मिनिटाभराच्या फिल्मींत अंकुराचा वेल झालेला दिसला. निवडक मंडळींस ती दाखविल्यावर कर्ज मिळालें. त्यांतून 'राजा हरिश्चंद्र' निर्माण होऊन ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें वारले.

पालकांचा खर्चाचा प्रश्न त्या घरांतहि होताच. तेथें त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत, चित्रण चालूं असतां पांढरी चादर धरून उन्हांत तासन् तास उभ्या राहत, आणि रात्रीं मुलें निजल्यावर, अंधारांत चांचपून, उद्यांच्या फिल्मला भोकें पाडीत.