डॉ. सुशीला नायर : सेवाग्रामच्या बहेनजी

विद्यार्थी मित्रांनो, दवाखान्यात लघवी तपासायला सांगितली की आपण लाजतो, हो ना? बाटली पिशवीत लपवून नेतो. पण त्या बाटलीत किती मोठी माहिती असते, हे आज आपण आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एका थोर डॉक्टरांच्या चरित्रातून समजून घेऊया.

सुशीला नायर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे भाऊ प्यारेलाल हे गांधीजींचे सचिव. सुशीलाताई दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या. १९३९ मध्ये त्या सेवाग्रामला आल्या. थोड्याच दिवसांत वर्ध्याकडे कॉलऱ्याची साथ पसरली आणि या तरुण डॉक्टरने जवळजवळ एकटीने ती हाताळली.

१९४२ च्या चलेजाव आंदोलनात त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गांधीजी आणि कस्तुरबांसोबत कैदेत होत्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी तिथे २१ दिवसांचा उपवास केला. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. मूत्रपिंड थकले तर काय, ही डॉक्टरांना मोठी काळजी होती. पुढे जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीतील उपवासातही तेच झाले. लघवीत ॲसिटोन दिसू लागले. म्हणजे अन्न नसल्यामुळे शरीर स्वतःची चरबी जाळू लागले होते. बघा, रुग्ण तोंडाने काहीही सांगो, लघवी खरं तेच सांगते!

आता प्रथिनांचं बघू. निरोगी माणसाच्या लघवीतून २४ तासांत साधारण १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिने जातात. गरोदर बाईच्या लघवीत हे प्रमाण ३०० च्या वर गेले आणि रक्तदाबही वाढला, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. म्हणून गरोदरपणी ही तपासणी करतातच. जुन्या काळी छोट्या दवाखान्यात परीक्षानळीत लघवी घेऊन तिचा वरचा भाग दिव्यावर तापवत. गढूळपणा आला की पातळ ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकत. गढूळपणा गेला तर ते क्षार, राहिला तर प्रथिने. किती सोपं, बरं का!

संशोधनासाठी मात्र नमुना जास्त जपावा लागतो. भांडे स्वच्छ आणि कोरडे हवे. सकाळची पहिली लघवी घेताना सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची. नमुना उन्हात ठेवला तर जंतू वाढतात आणि प्रथिने तुटतात, म्हणून तो लगेच थंड जागी ठेवायचा. मग सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवला की पेशी आणि गाळ तळाशी बसतो. वरचे स्वच्छ द्रव छोट्या नळ्यांत वाटून गोठवतात. एक नळी एकदाच वापरायची, कारण पुन्हा पुन्हा वितळवून गोठवले तर प्रथिने बिघडतात. लघवीत युरिया आणि क्षार भरपूर, प्रथिने अगदी थोडी. म्हणून काही प्रयोगांत थंड ॲसिटोन घालून प्रथिने खाली बसवतात आणि वेगळी करून मोजतात. गंमत बघा, आजाराची खूण म्हणून दिसणारे ॲसिटोनच इथे कामाला येते!

यातली एक पायरी चुकली तर आकडा चुकतो. आकडा चुकला तर एखाद्या खेड्यातल्या बाईला वेळेवर उपचार मिळत नाहीत. म्हणजे ही नुसती प्रयोगशाळेची शिस्त नाही, प्रामाणिकपणाही आहे.

ही जाण बहेनजींना होती. १९४४ मध्ये त्यांनी सेवाग्रामला छोटा दवाखाना सुरू केला. त्याचेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्या सार्वजनिक आरोग्य शिकल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. एवढं पद मिळाल्यावर कुणी दिल्लीतच राहिलं असतं. त्या मात्र सेवाग्रामला परतल्या आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, त्यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. इथले विद्यार्थी सुरुवातीलाच आश्रमात राहतात, खादी वापरतात आणि एक गाव दत्तक घेऊन घरोघरी जातात. डॉक्टरने रुग्णाची वाट बघत बसू नये, त्याच्या दारी जावे, हा बहेनजींचा आग्रह होता.

३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्राम येथेच त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, पुढच्या वेळी आईसोबत किंवा आजीसोबत दवाखान्यात गेलात, तर ती बाटली लपवू नका. स्वच्छ भांडे द्या, नाव नीट लिहा आणि नमुना वेळेत पोहोचवा. बहेनजींच्या कामाला एवढा हातभार तर आपण नक्कीच लावू शकतो.