नाडी नको, श्वास बघा म्हणणारे हैदराबादचे डॉ. लॉरी

हैदराबाद रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी एका मतावर अडून बसले होते. क्लोरोफॉर्मची भूल देताना पेशंटचा श्वास सांभाळा, नाडीकडे बघत बसू नका. रक्तदाब उतरला तरी घाबरायचं कारण नाही. हा धडा एडिंबरोतल्या गुरू सायम यांचा. १८८८ आणि १८८९ साली दोन कमिशनं बसली. दुसऱ्यासाठी निजामाने हजार पौंड दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, बिचारी कुत्री त्यात जास्त. शंका घेऊन आलेले ब्रंटनही शेवटी लॉरींच्याच बाजूला गेले. टेबलावरचे मृत्यू मात्र थांबले नाहीत. १९११ मध्ये गुडमन लेव्हींनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयच नुसतं थरथरतं आणि एकाएकी बंद पडतं. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या गेल्या.