गुरुपदाची कसोटी मागणारा वैष्णव : करसनदास मुळजी

आषाढी पौर्णिमेला महर्षी व्यासांचे पूजन करून आपापल्या गुरूंच्या चरणी मस्तक ठेवण्याची परंपरा आपल्या घराघरांतून आजही पाळली जाते. या दिवशी गुरुमहिमा गायिला जातो, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या समर्थांनी गुरूवाचून गती नाही असे सांगितले, त्यांनीच दासबोधाच्या पाचव्या दशकात सद्गुरू कोणता आणि त्याज्य गुरू कोणता याचे विवेचन स्वतंत्र समासात करून ठेविले आहे. गुरू पारखून घेण्याचे काम त्यांनी शिष्यावर सोपविले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या एका तरुण वैष्णवाने हे काम अंगावर घेतले, आणि त्यापायी त्याला घर, जात व स्वास्थ्य या तिन्हींची किंमत मोजावी लागली. त्याचे नाव करसनदास मुळजी.

करसनदासांचा जन्म २५ जुलै १८३२ रोजी कपोळ वाणी समाजातील एका वैष्णव कुटुंबात झाला. घराणे मूळचे काठेवाडचे, व्यापारासाठी मुंबईस येऊन स्थिरावलेले. मातृछत्र लहानपणीच हरपल्यामुळे आजोळच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी त्यांचा सांभाळ केला. घरात ठाकुरजींची सेवा, एकादशीचे उपवास, हवेलीचे नित्य दर्शन असा पुष्टिमार्गी आचार होता. त्या वातावरणात वाढलेला हा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागला आणि तेथे सुधारणेचे वारे त्याच्या कानी पडले.

१८५३ च्या सुमारास विधवाविवाह या विषयावर एक इनामी निबंधस्पर्धा जाहीर झाली. करसनदासांनी गुपचूप निबंध लिहावयास घेतला. लिहिलेले कागद घरातील त्या वडीलधाऱ्या बाईंच्या नजरेस पडले, आणि ज्यांनी त्यांना आईच्या मायेने वाढविले त्यांनीच त्यांना घराबाहेर काढले. तेव्हा ते अवघे विशीतले होते. मातेसमान व्यक्तीने उंबरठ्याबाहेर घालविल्याचे दुःख किती खोल असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या बाईंनाही दोष देता येत नाही. विधवेने आमरण व्रतस्थ राहावे ही धर्माज्ञा आहे असे त्यांना हवेलीतूनच शिकविले गेले होते, आणि शिकविणाऱ्यांवर त्यांची निष्ठा होती.

पुढे शिक्षकी करीत त्यांनी लेखन चालू ठेविले. दादाभाई नौरोजींनी १८५१ मध्ये सुरू केलेल्या 'रास्त गोफ्तार'मध्ये ते लिहीत. १८५५ मध्ये त्यांनी स्वतःचे 'सत्यप्रकाश' हे गुजराती साप्ताहिक काढले. 'स्त्रीबोध' मासिकाचे संपादनही त्यांनी काही काळ पाहिले.

आता ज्या संप्रदायात हे सारे घडले त्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. नाहीतर एका थोर आचार्यावर अन्याय होईल. श्रीवल्लभाचार्य (१४७९–१५३१) हे शुद्धाद्वैत मताचे प्रवर्तक. संसाराचा त्याग न करता बालकृष्णाची वात्सल्यभावाने सेवा करावी, आपले म्हणून जे आहे ते प्रथम श्रीकृष्णाला अर्पण करावे आणि मग प्रसाद म्हणून स्वीकारावे, हा त्यांचा मार्ग. सुरदासांसारखा कवी याच परंपरेने आपलासा केला. परंतु ब्रह्मसंबंधाची दीक्षा देण्याचा अधिकार आचार्यांच्या वंशजांकडेच राहिला. गुरुपद साधनेने मिळवावयाचे न राहता जन्माने मिळू लागले. पुढे कोणी गुणवान निपजले, कोणी नाही; गादी मात्र प्रत्येकाला मिळाली. श्रीकृष्णाला करावयाचे तन-मन-धनाचे समर्पण गुरूच्या देहालाच करावयाचे आहे, असा अर्थ काही महाराज आणि त्यांच्या भोवतीचे लोक भाविकांच्या मनावर बिंबवू लागले. रोगाचे मूळ येथे होते.

मुंबईत या महाराजांचा दरारा मोठा होता. भाटिया, कपोळ, लोहाणा या व्यापारी जाती त्यांच्या सेवक. कापूस, धान्य, कापड अशा मालाच्या उलाढालीवर हवेलीसाठी लागो नावाची पट्टी बसविलेली असे. चरणस्पर्शासाठी, हिंदोळ्यावर झुलविण्यासाठीही रकमा घेतल्या जातात, अशी कुजबूज होती. त्याहून भयंकर कुजबूज होती ती भक्तांच्या लेकीसुनांविषयीची. सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नसे, कारण बोलणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचे शस्त्र पंचांच्या हाती होते. जातीबाहेर म्हणजे मुलामुलींची लग्ने अडणे, पेढीचा व्यवहार तुटणे, मयतीला खांदा देण्यासही माणूस न मिळणे. १८५९ मध्ये महाराजांनी सेवकांकडून एका करारावर सह्या घेतल्या. महाराजांना न्यायालयात हजर राहावे लागू नये अशी खटपट करावी आणि टीका करणाऱ्यावर बहिष्कार घालावा, असा त्याचा आशय होता. करसनदासांनी 'सत्यप्रकाश'मध्ये त्याला गुलामीखत असे नाव दिले आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसले.

१८६० मध्ये सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज मुंबईस आले. ते वादविवादात उत्साह दाखविणारे, शास्त्रार्थाची आवड असलेले गृहस्थ होते. त्यांनी स्वधर्माच्या रक्षणासाठी एक नियतकालिकही सुरू करविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कवी नर्मद आणि त्यांची विधवाविवाहाच्या प्रश्नावर जाहीर सभा झाली. बालविधवेने उभा जन्म संयमाने कंठावा, अन्यथा धर्म बुडेल, ही महाराजांची बाजू होती. परस्त्रीविषयी कुजबूज ज्यांच्या हवेल्यांभोवती फिरत होती, तेच दहा-बारा वर्षांच्या पोरक्या मुलींना ब्रह्मचर्याचा उपदेश करीत होते. करसनदासांना हेच असह्य झाले असावे.

२१ ऑक्टोबर १८६० च्या 'सत्यप्रकाश'मध्ये हिंदूंचा मूळ धर्म आणि हल्लीची पाखंडी मते या विषयावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जदुनाथजींचे नाव घेऊन महाराजांच्या अनाचारावर उघड आरोप केला व भक्तांच्या स्त्रियांना भ्रष्ट करण्याचे थांबवा, असे बजाविले. लेखाचा रोख धर्मावर नव्हता. प्राचीन धर्म शुद्ध होता, तो यांनी मलिन केला, हे त्यांचे प्रतिपादन होते.

१४ मे १८६१ रोजी महाराजांनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना यांच्यावर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अब्रूनुकसानीचा दावा लावला. मागणी ५० हजार रुपयांची होती. एका शाळामास्तराला आयुष्यभर फेडता आली नसती अशी ही रक्कम! राणिना पारशी, त्यांना या वादातून अंग काढून घेणे अवघड नव्हते, तरी ते सोबत राहिले.

बचाव एकच होता, की लिहिले ते सत्य आहे. पण सत्य सांगावयास साक्षीदार हवेत, आणि ते भक्तांतूनच यावयास हवेत. हे ओळखून भाटिया जातीतील प्रमुखांनी सभा भरवून, महाराजांविरुद्ध साक्ष देईल तो जातीबाहेर, असा ठराव केला. करसनदासांनी तो न्यायालयापुढे नेला. साक्षीदारांना धाक घालण्याच्या कटाबद्दल नऊ जणांवर खटला होऊन डिसेंबर १८६१ मध्ये दोघां म्होरक्यांना प्रत्येकी एक हजार व इतरांना प्रत्येकी पाचशे रुपये दंड झाला. हा पूर्वरंग पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. वास्तविक मुख्य खटल्याचा निकाल त्या दिवशीच अर्धा लागला होता, कारण भीतीची मिठी प्रथम तेथे सुटली.

२५ जानेवारी १८६२ रोजी मुख्य सुनावणी सुरू झाली आणि मार्चच्या आरंभापर्यंत चालली. दोन्ही बाजूंचे मिळून साठांहून अधिक साक्षीदार तपासले गेले. कोटातील न्यायालयाबाहेर रोज गर्दी लोटे. मथुरादास लवजी, लखमीदास खीमजी यांसारखे प्रतिष्ठित भाटिया व्यापारी पिंजऱ्यात उभे राहून, ज्यांच्या चरणी त्यांच्या वाडवडिलांनी माथा टेकला त्यांच्याविषयी जे पाहिले-जाणले ते शपथेवर सांगू लागले. त्यांना घरी परत जाऊन त्याच जातीत, त्याच गल्लीत राहावयाचे होते. नर्मदनेही साक्ष दिली. संस्कृत ग्रंथांचे अभ्यासक म्हणून मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन यांचीही साक्ष झाली. पण खटल्याचा कणा ते नव्हेत. भक्तांच्या साक्षी होत्या.

सर्वांत जड साक्ष झाली ती डॉक्टर भाऊ दाजी लाड यांची. गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे गावचे हे सुपुत्र, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, प्राच्यविद्येचे नामांकित संशोधक. महाराजांवर आपण उपदंशाचे उपचार केले होते, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. दुसऱ्या वैद्यकीय साक्षीनेही त्यास पुष्टी मिळाली. रुग्णाचे गुपित उघड करणे कोणत्याही वैद्याला सुखाचे नसते, आणि हा प्रश्न आजच्या वाचकाच्याही मनात येईल. पण दुसऱ्या पारड्यात असंख्य घरांतील लेकीबाळी होत्या. महाराज स्वतः साक्षीस उभे राहिले व त्यांनी आरोप नाकारले. वैद्यकीय पुराव्यापुढे न्यायाधीशांना त्यांची शपथ विश्वसनीय वाटली नाही.

२२ एप्रिल १८६२ रोजी सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ अर्नूल्ड यांनी निकाल दिला. लेखातील आरोप सत्य ठरले. महाराजांचा दावा मुख्य मुद्द्यावर फेटाळला गेला आणि करसनदासांना खर्चापोटी ११,५०० रुपये मिळाले. त्यांचा प्रत्यक्ष खर्च १३ हजारांच्या घरात गेला होता.

या निकालाची एक बाजू मात्र भाविकांनी सावधपणे वाचावी. इंग्रज न्यायाधीशांनी आणि खटल्याच्या निमित्ताने लिहिणाऱ्या परकीयांनी काही महाराजांचे दुराचरण व पुष्टिमार्गाचे तत्त्वज्ञान यांत पुरेसा भेद ठेविला नाही. मधुराभक्तीतील रूपके त्यांनी शब्दशः घेतली. पुढील काळातील अनेक अभ्यासकांनी हा दोष दाखवून दिला आहे. खुद्द करसनदासांच्या लेखणीलाही कधी कधी हे भान राहिले नाही, असे आम्हांस वाटते. संप्रदायाच्या मूळ ग्रंथांकडे ते अधिक शांतपणे पाहू शकले असते. परंतु ज्या घरात आग लागली आहे तेथे पाणी ओतणाऱ्याने भिंतींवरील चित्रे जपली नाहीत, ही तक्रार आग विझल्यानंतरच सुचते. जखम अद्याप कोवळी आहे, हेही खरे. २०२४ मध्ये या खटल्यावरील एका चित्रपटाविरुद्ध काही वैष्णव भाविक गुजरात उच्च न्यायालयात गेले. प्रदर्शनास काही दिवस स्थगिती मिळाली व नंतर न्यायालयाने ती उठविली.

इंग्रजी वृत्तपत्रांनी करसनदासांना हिंदुस्थानचा लूथर म्हटले. ही उपमा फारशी जुळत नाही, कारण त्यांनी पंथ काढला नाही की शिष्य केले नाहीत. खटल्यानंतर ते गादीवर बसले नाहीत, पुन्हा पोटापाण्याच्या उद्योगाला लागले. १८६३ मध्ये व्यापारानिमित्त ते विलायतेस गेले. प्रकृती बिघडल्याने त्याच वर्षी परतावे लागले. महाराजांविरुद्ध लढताना जे कसेबसे टळले होते ते समुद्रगमनाने ओढवले, आणि जातीने त्यांना बहिष्कृत केले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे गुजराती पुस्तक १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८६७ पासून त्यांनी काठेवाडात आधी राजकोट व नंतर लिंबडी संस्थानचा कारभार पाहिला.

१८७१ मध्ये मुंबईत त्यांच्याच कपोळ जातीतील व्यापारी माधवदास रघुनाथदास यांनी धनकोरबाई या विधवेशी विवाह केला. जातीचा रोष पत्करून झालेल्या या विवाहास करसनदासांचे प्रोत्साहन होते. ज्या निबंधासाठी विशीत घर सोडावे लागले होते, त्यातील गोष्ट आपल्याच ज्ञातीत घडलेली त्यांना पाहावयास मिळाली. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी लिंबडी येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ३९ वर्षांचे होते. महिपतराम रूपराम यांनी १८७७ मध्ये त्यांचे चरित्र गुजरातीत लिहिले, आणि बहिष्कृत म्हणून मेलेल्या या माणसाला ग्रंथाच्या नावातच उत्तम कपोळ असे संबोधिले.